कवड्याचे छर्रे, रानकोंबड्याचे छर्रे

राजापूरजवळच्या आमच्या घरी माजघराच्या कोनाड्यात पत्र्याचे तीन डबे असायचे. वर खुंटीला आजोबांची ठासणीची बंदूक, तिचा गज, आणि दारूचं शिंग. परवाना पीकसंरक्षणाचा होता. माझ्या आठवणीत त्या बंदुकीतून छर्रा असा कधी सुटलाच नाही. भात पोटरीला आलं की रात्री डुकरं उतरायची, मग आजोबा नुसती दारू ठासून अंगणातून एक आवाज काढायचे आणि आत येऊन झोपायचे. पारधीच्या गोष्टी सगळ्या त्यांच्या तरुणपणातल्या, 1972चा वन्यजीव कायदा यायच्या आधीच्या.

डबे मात्र भरलेलेच राहिले होते. मे महिन्याच्या सुट्टीत दुपारी मोठी माणसं आडवी झाली की मी ते डबे उतरवायचे आणि छर्रे सुपात ओतायचे. सुपाच्या काठाकडे घरंगळणाऱ्या त्या करड्या दाण्यांचा आवाज अजून कानात आहे. एकदा तिन्ही डबे एकात एक झाले. आजोबा रागावले नाहीत, शेजारी बसले आणि माझ्याकडून परत निवडून घेतले. "हे कवड्याचे. हे रानकोंबड्याचे. आणि हे डुकराचे." बस्स, एवढीच वर्गवारी. डब्यांवर काहीही लिहिलेलं नव्हतं. ज्या जनावराचे छर्रे, त्याचं नाव.

त्यानंतर पंचवीसएक वर्षांनी मी साउथ डकोटातल्या ब्रुकिंग्जमध्ये एका दुकानात काडतुसांच्या भिंतीसमोर उभी होते. नवऱ्याची विद्यापीठात नोकरी, माझी माती तपासणीच्या प्रयोगशाळेत. इथे ऑक्टोबरचा तिसरा शनिवार म्हणजे आपल्याकडच्या गणपतीच्या पहिल्या दिवसासारखा. लांबून पोरं घरी येतात, मोटेलांच्या पाट्यांवर शिकाऱ्यांचं स्वागत झळकतं, किराणा दुकानातली बाईसुद्धा निघताना "शुभेच्छा" म्हणते, कारण फेझंटच्या, म्हणजे रानकोंबड्यासारख्या एका पक्ष्याच्या, शिकारीचा मोसम सुरू होतो. व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेत एरवी बंदूक बाळगता येत नाही. शिकारीचा वैध परवाना असेल तर येते. तो मी काढला. शेजारचे सत्तरी ओलांडलेले शेतकरी मला आपल्याबरोबर न्यायला तयार झाले. बंदूकही त्यांनीच दिली, त्यांच्या दिवंगत पत्नीची, 12 गेजची जुनी दुनळी. काडतुसं तेवढी मी आणायची होती.

त्या भिंतीवर किमान साठ प्रकारची खोकी होती. प्रत्येकावर उडता पक्षी, आणि खाली आकडे. 12 हा आकडा मला कळला, कारण तो शाळेतल्या गणितासारखा आहे: नळीच्या मापाचे शिशाचे गोळे ओतले तर एका पौंडात 12 बसतात, म्हणून 12 गेज. पावणेतीन इंच ही काडतुसाची लांबी. एक पूर्णांक एक-अष्टमांश औंस हे आतल्या छऱ्यांचं वजन. शेवटी एक सुटा आकडा, 4, 5, 6, साडेसात. हा छऱ्याचा नंबर, आणि तो उलटा चालतो. नंबर जेवढा मोठा तेवढा छर्रा बारीक. 17 मधून नंबर वजा करा, उरतो तो छऱ्याचा व्यास, इंचाच्या शंभराव्या भागात. 5 नंबरचा छर्रा 12 शतांश इंच, म्हणजे साधारण 3 मिलिमीटर. ही युक्ती मला पुढे कळली. त्या दिवशी मी आत केवढा छर्रा आहे ते पाहिलं नाही, फक्त किती छर्रे आहेत ते पाहिलं. साडेसात नंबरचे औंसाला 350 बसतात, 5 नंबरचे जेमतेम 170. जास्त छर्रे म्हणजे पक्ष्याला लागायची शक्यता जास्त, असा साधा हिशेब मी केला आणि साडेसातचं मोठं खोकं उचललं. उन्हाळाभर हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्यांवर नेम धरायला शिकत होते तेव्हाही हीच काडतुसं वापरली होती. हाताला त्यांची सवय होती.

एवढ्या मोठ्या भिंतीपुढे मी एकदाही स्वतःला विचारलं नाही, की रानकोंबड्याचे छर्रे कुठले.

पहिल्याच दिवशी जे झालं ते मला तपशिलात सांगायचं आहे. मक्याची कापणी झालेली, मधे पक्ष्यांसाठी मुद्दाम उभे ठेवलेले मक्याचे दोन पट्टे, आणि त्यांच्या टोकाला पाणथळ. तिथे पाणकणसाचं रान, माणसाच्या खांद्याच्या वर. चौघं ओळीत चालत होतो, पुढे शेजाऱ्यांची लॅब्रॅडॉर कुत्री. फेझंट उडतो तेव्हा आधी आवाज येतो, पंखांचा फडफडाट आणि त्यातच नराचं ते खरखरीत ओरडणं. मग कुणीतरी "रूस्टर!" किंवा "हेन!" असं मोठ्याने सांगतं, कारण मादीवर बार काढायचा नाही, हा इथला कायदा आहे. माझ्या पुढ्यात उठला तो नर होता. गळ्याभोवतीचं पांढरं कडं, गालाचा लाल, उन्हात तांब्यासारखी छाती, लांब शेपूट. मला बंदूक खांद्याला लावायला उशीर झाला. बार निघाला तेव्हा तो चाळीस यार्डांच्याही (यार्ड म्हणजे साधारण एक मोठं पाऊल) पुढे होता आणि सरळ लांब चालला होता, पाठ माझ्याकडे.

पिसं उडाली. मला वाटलं झालं. पण तो पडला नाही. त्याचा एक पाय खाली लोंबकळला आणि पंख न हलवता तो तसाच तरंगत पाणथळीच्या पलीकडे उतरला. उतरल्यावर धावताना दिसला. त्या एका पायावर.

कुत्रीला आम्ही तिथे घेऊन गेलो. चाळीस मिनिटं ती पाणकणसात घुसत राहिली, पोटापर्यंत चिखल, नाकावर कणसाचा कापूस चिकटलेला. दोनदा तिला वास लागला, दोनदा हरवला. जखमी फेझंट उडत नाही, पळतो, आणि पळता पळता एखाद्या बिळात किंवा गवताच्या पुंजक्यात असा शिरतो की पायाखाली असून दिसत नाही. तो आम्हाला सापडला नाही. त्या रात्री बर्फाळ पाऊस झाला. मी अंथरुणात जागी होते.

शेजाऱ्यांनी मला बोल लावला नाही. माझ्या जाकिटाच्या खिशात हात घालून त्यांनी एक काडतूस काढलं, चष्मा कपाळावर सरकवून त्याच्यावरची अक्षरं वाचली आणि म्हणाले, "हे मातीच्या तबकड्यांसाठी आहे. तबकडीला पिसं नसतात." मग म्हणाले, आज तुझे दोनच राहिले. दिवसाला माणशी तीन नर अशी इथली मर्यादा आहे. न सापडलेला पक्षीही आपल्या तिनात धरायचा, हा त्यांच्या घरातला नियम होता. पुस्तकात लिहिलेला नव्हता. मी उरलेला दिवस बंदूक उघडी ठेवून नुसती चालले.

त्या रात्री आणि नंतरच्या आठवड्यात मी जे शिकले ते वजनाचं गणित आहे. साडेसात नंबरचा एक शिशाचा छर्रा सुमारे 81 मिलिग्रॅमचा, 5 नंबरचा 167 मिलिग्रॅमचा. दुपटीहून जड. नळीतून निघताना दोघांचा वेग सारखा धरला, तरी हलका छर्रा हवेत लवकर मंदावतो. खोक्यावर "हाय व्हेलॉसिटी" असं ठळक छापतात, पण गोल छर्ऱ्याचा तो जास्तीचा वेग चाळीस यार्डांपर्यंत बराचसा हवेतच विरतो. पोचतं ते छर्ऱ्याचं वजन. आणि लांब जाणाऱ्या पक्ष्याची पाठ ही सगळ्यात अवघड बाजू. डोकं आणि मान धडाच्या आड जातात, छर्ऱ्याला पिसं, कातडी, पाठीचं हाड आणि आतडी पार करून काळजापर्यंत जायचं असतं. माझे बारीक छर्रे त्याच्या पाठीत आणि मांडीत लागले असणार. लागले, पण पोचले नाहीत.

पुढचा पक्षी मी 5 नंबरने मारला, तीस यार्डांच्या आत, आडवा जाताना, आणि तो जिथे मिटला तिथेच पडला. घरी स्वयंपाकघरात त्याचं कातडं काढताना मी पहिल्यांदा छर्ऱ्याची वाट जवळून पाहिली. छातीच्या मांसात एक जांभळट ठिपका. सुरीच्या टोकाने उघडला तर आत पिसाचा घट्ट वळलेला बोळा, कापसाच्या वातीसारखा, आणि त्याच्या टोकाला छर्रा. आत जाताना छर्रा पिसं स्वतःभोवती गुंडाळून ओढून नेतो. ती चिमट्याने ओढली की बोटभर लांब निघतात. छर्ऱ्याची बरीच ताकद पिसं ओढण्यातच जाते, हे मला त्या बोळ्याने जेवढं समजावलं तेवढं कुठल्याही कोष्टकाने समजावलं नसतं. मांस मिठाच्या पाण्यात ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी मालवणी मसाल्यात रस्सा केला. फेझंटची छाती कोंबडीपेक्षा कोरडी असते, खोबऱ्याचं वाटण तिला मानवतं.

आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती गप्प झाली. मग म्हणाली, "जीव गेला तो लगेच गेला ना?" आजोबांची सून ती. तिने नेमका तोच प्रश्न विचारला.

इथले शिकारी नंबरावरून तासन् तास वाद घालतात. एक पक्ष 6 नंबरचा: छर्रे भरपूर, ऑक्टोबरात पक्षी जवळून उठतात, पुरेसे आहेत. दुसरा 4 नंबरचा: कमी लागले तरी चालतील पण खोल जायला हवेत. सव्वा औंसाच्या काडतुसात शिशाचे 6 नंबरचे 281 छर्रे बसतात, 4 नंबरचे 169. दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं आहे, कारण ते वेगवेगळ्या पक्ष्यांबद्दल बोलत असतात. ऑक्टोबरातला नर त्याच वर्षी जन्मलेला, अजून माणूस न पाहिलेला, कुत्र्याच्या नाकाखाली उठणारा. डिसेंबरातला नर वेगळाच प्राणी आहे. अंगावर चरबी आणि दाट पिसं, गाडीचं दार आपटलं की शेताच्या दुसऱ्या टोकाला उडणारा. मी शिशापुरतं 5 वर थांबते आणि डिसेंबरात डाव्या नळीत 4 घालते. दुनळीची ही सोय मला फार आवडते: पुढचा चाप उजव्या नळीचा, तिचा चोक, म्हणजे तोंडापाशी नळी अरुंद होते तो भाग, मोकळा, जवळच्या पक्ष्यासाठी. मागचा चाप डाव्या नळीचा, तिचा चोक आवळ, लांबच्यासाठी.

एक मात्र सांगायला हवं. या राज्यातला फेझंट काडतुसांनी कमी होत नाही. एक नर अनेक माद्यांना पुरतो, म्हणूनच फक्त नर मारायला परवानगी आहे. तो कमी होतो गवत गेलं की. मूळचा चीनकडचा हा पक्षी इथे रेडफील्डच्या आसपास 1908-09 मध्ये सोडला, 30 ऑक्टोबर 1919ला स्पिंक परगण्यात पहिली एका दिवसाची शिकार झाली, आणि 1943 पासून तो राज्यपक्षी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शेतं पडीक राहिली, गवत माजलं, तेव्हा त्याची संख्या सर्वाधिक होती. 1985च्या शेती कायद्याने जमीन गवताखाली ठेवायला शेतकऱ्यांना पैसे द्यायला सुरुवात केली आणि तो पुन्हा वाढला. आमच्या प्रयोगशाळेत मातीचे नमुने घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याने "यंदा तो गवताचा तुकडा नांगरला" असं सांगितलं, की मला त्यातल्या घरट्यांची आठवण येते.

शिशाचा प्रश्न माझ्यापुढे तिसऱ्या वर्षी आला, तोही स्वयंपाकघरातच. मी पक्ष्याचा पेटा टाकत नाही, कलेजी-पेटा परतून खायची आमच्या घरची सवय. पेटा चिरला की आत मक्याचे अर्धवट दळलेले दाणे आणि खडे निघतात. पक्ष्याला दात नाहीत, खडे हेच त्याचं जातं. ते खडे मी नेहमी वाटीत धुऊन बघते, कुठल्या मातीतले आहेत ते, माझ्या कामाची खोड. त्या दिवशी वाटीत गुलाबी गारगोटी, दोन काळे खडे, आणि एक करडा गोल दाणा निघाला. एका बाजूने झिजून चपटा झालेला, नखाने ओरखडला तर चमकणारा. पेट्याच्या बाहेरून कुठेही भोक नव्हतं. हा छर्रा मी मारलेला नव्हता. कधीतरी कुणीतरी काढलेल्या बारातला तो जमिनीवर पडला होता, पक्ष्याने खडा समजून तो टिपला होता आणि त्याच्या जात्यात तो रोज थोडा थोडा दळला जात होता.

मी ते सूप आठवलं. छर्ऱ्यांत खेळलेले हात न धुता मी हापूस चोखत असे.

पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिसं संपूर्ण अमेरिकेत 1991 पासून बंद आहे, याच कारणासाठी. फेझंटसाठी खासगी शेतावर ते अजून चालतं, पण पाणपक्ष्यांसाठी राखलेल्या केंद्राच्या जागांवर आणि राज्याच्या बऱ्याच सार्वजनिक शिकारभूमींवर चालत नाही. पर्यायांत सगळ्यात स्वस्त पोलाद. पण शिशाची घनता 11.3, पोलादाची 7.8. त्याच मापाचा छर्रा हलका पडतो आणि लवकर मंदावतो, म्हणून दोन नंबर खाली यायचं: शिशाचा 5 वापरत असाल तर पोलादाचा 3. पोलाद कडक असल्याने छर्रे नळीत चेपत नाहीत, घोळका आवळ राहतो, म्हणून चोक मोकळा लागतो. नवी बंदूक असेल तर प्रश्न इथेच मिटतो, आणि बहुतेकांनी तेच करावं असं मला मनापासून वाटतं.

माझी बंदूक नवी नाही. तिच्या नळ्या पातळ, डावा चोक पूर्ण आवळ. पोलादाने अशी नळी आतून खरवडते, चोकापाशी फुगते. शेजाऱ्यांच्या पत्नीने तीस मोसम ती दुनळी खांद्याला लावली, तिच्या हाताची घडण दस्त्यावर आहे, नेमक्या जागी लाकूड गुळगुळीत झालंय. ती मी खराब करणार नाही. राहिला बिस्मथ हा धातू. घनता सुमारे 9.6, शिशापेक्षा थोडा कमी, नळीला मऊ, पक्ष्याच्या पोटात विषारी नाही. किंमत शिशाच्या कितीतरी पट. मी हिशेब केला: मोसमात मी फार तर पंधरावीस बार काढते. तेवढ्यासाठी महागाईची तक्रार करायला मला लाज वाटली. दोन खोकी घेतली, 5 नंबर.

पण नवं काडतूस घेऊन सरळ शेतात जायचं नाही, हे त्या हरवलेल्या पक्ष्याने शिकवलंय. सप्टेंबरच्या एका शनिवारी शेजाऱ्यांच्या गोठ्यामागे आम्ही लाकडी चौकट उभी केली आणि तिच्यावर खाटकाकडचा पांढरा कागद ताणून लावला. आधी मी एक काडतूस चिरून छर्रे बशीत ओतले आणि मोजले, 219 भरले. बशीतला आवाज सुपातल्यासारखाच. मग 35 यार्डांवरून एक बार, कागद बदलून 40 वरून, मग 45 वरून. प्रत्येक कागदावर छर्ऱ्यांच्या दाटीभोवती 30 इंचांचं वर्तुळ आखलं आणि एकेका भोकावर पेन्सिलची खूण करत मोजलं. शेजाऱ्यांना आता बारीक दिसत नाही, ते पिकअपच्या मागच्या फळीवर बसून मी सांगेन ते आकडे वहीत लिहीत होते. मोजणी तोंडातून मराठीतच निघते. एकशे एकोणसत्तर, एकशे सत्तर. त्यांना आकडा इंग्रजीत सांगायला मी मधेच थांबायचे आणि मोजणी चुकायची, मग पुन्हा पहिल्यापासून.

वर्तुळातली संख्या बरी होती, पण माझा तिच्यावर एकटीवर विश्वास नाही. मी पुठ्ठ्यातून फेझंट कापून आणला होता, शेपूट सोडून खऱ्या मापाचा. तो कागदावर ठेवून फिरवत गेले. 35 यार्डांवर कुठेही ठेवा, पाच-सहा भोकं अंगाखाली येत होती. 40 वर तीन-चार, पण एका जागी, वर्तुळाच्या डाव्या बाजूला, हाताच्या तळव्याएवढी मोकळी जागा होती आणि तिथे पक्षी मावत होता. 45 वर मी पुठ्ठा मधोमध ठेवला, तरी खाली दोन भोकं. एक पंखाच्या टोकाला.

शेजारी फळीवरून उतरून जवळ आले. त्यांनी त्या दोन भोकांवरून बोट फिरवलं आणि काहीच बोलले नाहीत.

पिकअपमधला मार्कर घेऊन मी काडतुसांच्या दोन्ही खोक्यांवर छापलेल्या उडत्या पक्ष्यावरच मोठ्या अक्षरांत लिहिलं. त्यांनी विचारलं, काय लिहिलंस. मी वाचून दाखवलं: "फेझंटचे. पस्तीस पावलं."